खुडूक

चिआतुराच्या दरीत ऊन उशिरा उतरतं.
ते उतरायच्या आत बाबा घरी आले
खाणीच्या वजनकाट्याच्या ऑफिसातून, कायमचे.
शेवटच्या पगाराऐवजी मिळालेला कॉम्प्युटर
जुन्या चादरीत गुंडाळून,
रोपवेच्या डब्यात मांडीवर घेऊन,
दवाखान्यातून पोर आणावं तसा.

पिवळा पडलेला. आठ आणि शून्य पार पुसलेले,
मँगनीजच्या वॅगनी मोजून मोजून.

आई म्हणाली, एकोणीस वर्षं तिकडे खुर्ची उबवलीस,
आता हे धूड कशाला?
बाबा बोलले नाहीत.
वर्षभर त्याच्या डोक्यावर आलुबुखाराच्या आंबट चटणीच्या बरण्या राहिल्या,
कधी मांजर.
शेजारच्या गुलिकोला एकदा सिनेमा दाखवायला गेलो
तर नायिका दारातच थिजली, अर्धा तास,
एक पाय उंबऱ्याबाहेर.

मग फेब्रुवारीत कोल्ह्यानं आमची कोंबडी नेली,
बसल्या जागेवरून.
मागे बारा अंडी, अजून कोमट.

बाबा अंगणात उभे. टोपीत अंडी.
काय आठवलं कोण जाणे,
आत जाऊन त्यांनी बटण दाबलं
आणि डब्याच्या पाठीमागे तळहात धरला,
जिथून पंखा गरम वारा फेकतो.
बराच वेळ धरला.

ग्दान्स्कहून मेराब फोनवर ओरडत होता:
रिकामा ठेवलात तर गार पडेल, बाबा!
त्याला काम द्या. न संपणारं.
मूळ संख्या शोधायला लावा, मी सांगतो तसं टाइप करा.

दोन, तीन, पाच, सात, अकरा,
कुणालाच नको असलेल्या संख्या
एकाखाली एक उतरू लागल्या
आणि डबा तापू लागला.
मागे द्राक्षांचं खोकं, त्यात लोकर,
वाटीत पाणी, आणि माझ्या लहानपणीचं
तापाचं थर्मामीटर.
अडतीसच्या वर गेलं की बाबा हिशेब थांबवायचे,
सदतीसला आलं की पुन्हा, चल रे.
दिवसातून तीनदा अंडी फिरवायची.
पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला काही नाही.
वॅगनींच्या वहीत तारखा.

अकराव्या रात्री वीज गेली.
आख्खी दरी काळी.
बाबांनी सदऱ्याची बटणं सोडली,
सहा अंडी पोटाशी घेतली, वर पांघरूण.
आई आतून आली. काही म्हणाली नाही.
उरलेली सहा घेतली, भिंतीला टेकून बसली.
मी मेणबत्ती धरून पाहत होते:
माझे आईबाप, न हलता, न बोलता,
खुडूक.
इतका वेळ एका खोलीत
भांडणाशिवाय त्यांना मी पाहिलं नव्हतं.
पहाटे पंखा खोकला, आणि घुरघुरत सुरू झाला.

सात पिल्लं निघाली.
मेराब हसला, सात! मूळ संख्या!
पाचही, आई म्हणाली,
आणि न फुटलेली पाच पदरात घेऊन
वेलीखाली पुरायला गेली.
पदर कसला, स्वेटरची ओच.
पण धरलं होतं तिनं पदरासारखंच.

परवा ऑफिसातून फोन आला.
कुठल्याशा जुन्या वर्षाची वजनं जुळत नाहीत,
आकडे फक्त त्या मशीनमध्ये आहेत,
माणूस पाठवतो, तासाभराचं काम.

बाबांनी पडद्याकडे पाहिलं.
अकरा आकडी संख्या चाललेल्या, एकाखाली एक.
मागे खोक्यात गुलिकोच्या बदकाची नऊ अंडी.
आवाज बारीक करून ते फोनवर म्हणाले,
आत्ता नाही जमणार.
तो बसलाय.

पलीकडून विचारलं, म्हणजे? बंद पडलाय?

नाही हो, बसलाय.
उठवता येत नाही.
अठ्ठावीस दिवस लागतात बदकांना, नंतर या.