झाकणाचा स्विच

पाणी घेते. घुसळते. पाणी सोडतेसुद्धा.
पिळायची वेळ आली की मात्र
तीनदा टिटिट करते आणि गप्प उभी राहते
पोटात ओल्या चादरी घेऊन.

"आता काय?" ही स्वयंपाकघरातून.
"बघतो."
घणसोलीच्या या घरात मशीन मोरीच्या तोंडाशी,
तिच्यामागे शिरायचं तर पोट आत घेऊन, श्वास सोडून.

आधी गोधडी बाहेर काढली.
भार एका बाजूला पडला की कुठलीच बास्केट नीट फिरत नाही,
एवढं एकतीस वर्षांच्या नोकरीने शिकवलंय.
पुढचा डावा पाय हलत होता,
खाली लग्नपत्रिकेची घडी सरकवली
(कुणाचं लग्न, ते पाहिलं नाही).
पाइपाची मुरड काढली. जाळीतून निघालं
एक बटण, नातवाच्या मोज्याचा दोरा,
आणि दहाचं नाणं, ते हिने पदराला पुसून ठेवून घेतलं.
पुन्हा लावली.
टिटिट.

मग झाकण दाबून पाहिलं.
आतून टक् असा आवाज यायला हवा, तो येईना.
म्हणजे झाकण लागलंय
हे तिला कुणी सांगतच नाहीय.
उघड्या तोंडाने फिरणार नाही म्हणते.
शहाणी आहे.

तौसीफ आला कोपरखैरण्याहून, एका कानात गाणं,
पाच मिनिटांत माझंच निदान मला सांगितलं.
"स्विच गेलाय, काका. पार्ट गुरुवारी येईल.
नाहीतर डायरेक्ट करून देतो, दोन वायरी जोडल्या की झालं.
झाकण उघडं असलं तरी फिरेल.
सगळे तसंच करतात."

सगळे तसंच करतात.
रबाळ्याच्या प्लांटमध्येही करायचे. करायचो.
अठ्ठेचाळीस इंची सेंट्रिफ्यूज,
दर बॅचला ते झाकण, दर बॅचला थांबायची वाट,
आणि वर काचेमागे साहेबाचं घड्याळ.
एवढासा तारेचा तुकडा, वीतभरसुद्धा नाही.
त्या महिन्यात आमच्या शिफ्टला पेढे वाटले.

ट्यूबलाइटखाली जोरात फिरणारी वस्तू
कधीकधी थांबल्यासारखी दिसते.
हसुराम मढवी, तळवलीचा,
फडक्याची गाठ सोडवायला आत वाकला.

कोपरापासून.

चौकशीत लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा.
तार कुणी जोडली, ते रजिस्टरात नाही.
पक्कड माझ्या खिशात होती.

भेटतो अजून, तलावाच्या कट्ट्यावर.
एका हाताने तंबाखू मळता येत नाही.
मी मळतो, चुना जरा जास्त, त्याला लागतो तसा,
आणि त्याच्या डाव्या तळव्यावर ठेवतो.
तो सुनेबद्दल बोलतो, खाडीतल्या मासळीबद्दल बोलतो.
त्याने कधी विचारलं नाही.
विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटतं
आणि मग वाटतं, नको.

"काका, जोडू ना?"
"नको."
"शंभरच घेईन."
"गुरुवारी ये, बाळा."
जाताना त्याने मान हलवली,
म्हातारा चिकट आहे, असं म्हणाला असेल मनात.

मग आम्ही दोघं गॅलरीत.
चादरीचं एक टोक हिच्याकडे, एक माझ्याकडे.
दोघांनी आपापल्या उजवीकडेच पीळ द्यायचा,
समोरासमोर उभं असलं की तो आपोआप उलटा पडतो.
पाणी खालच्या भोपीबाईंच्या सुकटीवर.
खालून आवाज चढतो. ही हसते.
माझी मनगटं भरून येतात.

"तो करून देत होता ना? मग का नाही म्हणालात?"

मी टोक घट्ट धरतो. आणखी एक वेढा.
चादर मध्येच दोरीसारखी कडक होते, थरथरते.

"बास झालं," मी म्हणतो.
ही चिमटीत धरून बघते.
"कुठे बास? पाणी आहे अजून त्यात."