सुई तशीच ठेवून

ठरलं होतं असं:
विकत काही आणायचं नाही.
झुवैनाने बोटांवर महिने मोजले,
'खजूर उतरेपर्यंत,' म्हणाली.
तिचं हिंदी बंदरावरचं, माझं अरबी भाजीवाल्याकडचं;
मधे जे उरतं त्यात आम्ही नऊ वर्षं बोलतोय.

मी बटवा शिवायला घेतला.
इस्त्रीने जळलेल्या इरकलीचा काठ,
जळकं तेवढं कापून टाकलं तरी
आणखी दोन बटव्यांना पुरेल इतका निघाला.
सोहारच्या या तिसऱ्या मजल्यावर
मे महिन्यात सुई हातात ठरत नाही,
घामाने गंजते
आणि पांढऱ्या अस्तरावर तांबूस ठिपका सोडून जाते.
एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं.
मी तीनदा उसवलं.
चौथ्यांदा ठिपक्यावरच एक फूल काढलं,
कुणाला कळणार नाही असं.
मला कळतच राहिलं.

इकडे तिचा निरोप आला:
नवऱ्याच्या डोक्याचं माप पाठव, दोऱ्याने.
शुक्रवारी दुपारी तो घोरत असताना
मी हळूच दोरा गुंडाळला,
कानांच्या वरून, मागच्या टकलावरून,
जे एवढं पसरलेलं मी पाहिलंच नव्हतं.
एक डोळा उघडून म्हणाला,
'माप कसलं घेतेस? आहे मी अजून.'
आणि कूस वळवून झोपला.
दोरा त्याच्या मानेखाली अडकला.
तो पुन्हा कूस वळवेपर्यंत
बाजूला बसून राहिले अर्धा तास.
बऱ्याच दिवसांनी इतकी.

खजूर उतरले.
तिच्या अंगणातल्या बोरीखाली चटई, कहवा,
आणि बटव्याच्या गोंड्यावर डोळा ठेवून एक बकरी.
झुवैनाने बटवा आधी नाकाला लावला.
'हा कुठला लुबान?'
डांबरगोळी, मी म्हटलं,
आणि पुढे हिंदीत सुचेना, अरबीत तर नाहीच,
म्हणून ओढणीला कसर लागते कशी, मरते कशी
ते बोटांनी करून दाखवलं.
ती इतकी हसली की कहवा सांडला.
मग तिचं बोट आत गेलं, अस्तरावरून फिरत
नेमकं त्या फुलावर थांबलं.
'इथे काय लपवलंस?'

मी तिची पुडी उघडली. कुम्मा.
पांढऱ्यावर पांढरं काम, खसखशीएवढी भोकं,
प्रत्येकाच्या कडेला दोऱ्याचा वेढा,
मुंग्यांना झोपायला कोनाडे काढून द्यावेत तसे.
बाजूची पट्टी पुरी.
वरची चकती मात्र अर्धीच;
पुढे नुसती पेन्सिलीची नक्षी
आणि टोचून ठेवलेली सुई,
दोरा ओवलेली.

तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला नाही.
'डोळे म्हणाले, एवढंच.'
सुनेकडून पुरी करून घेता आली असती,
मी म्हटलंसुद्धा तसं.
'मग ती सुनेची झाली असती.'

तिने माझा हात धरला.
दाभणाने टोचायचं, कापूस नाही, दोराच कडेला धरायचा,
ओढायचं, पण कापडाला कळू द्यायचं नाही.
माझं पहिलं भोक तिरकं आलं. दुसरं फाटलं.
तिसऱ्यावरून तिने नख फिरवलं
आणि काही बोलली नाही.
बकरीने तेवढ्यात गोंडा खाल्ला.

आता रात्री भांडी झाली की बसते.
दोन भोकं होतात, कधी एकच.
कधी झालेलंच उसवते.
कुठे तिचं संपतं नि माझं सुरू होतं
ते आंधळ्यालाही कळेल;
त्याच्यावर फूल काढायला जागा नाही.
नवरा विचारतो, 'घालायची कधी मग?'
माप आहे माझ्याकडे, मी म्हणते,
तोवर तू डोकं सांभाळ.