रुवी, रात्री साडेनऊ

अकरावीतली तहसीन विचारते,
ऑस्मॉसिस उलटं कसं होतं, काका?
दाब देऊन.
बारा वर्षं तेच करतोय प्लांटवर,
समुद्राच्या मुठीतून पाणी सोडवतोय.

मग उणे एकाचं वर्गमूळ. ते खरंच असतं?
नसतं गं. पण आहे असं धरलं
की पुढची गणितं सुटतात.
ती वहीत उतरवून घेते.
बाप जहाजावर. मार्चात येतो म्हणाला होता.

एसी का गळतो? हा धाकटा, टेबलाखालून.
हवेतली वाफ थंड नळीला टेकते आणि...
"आणि मी त्यातच लादी पुसते,"
बादली उचलत भाभी.

उद्या माझी रात्रपाळी.
जिना उतरताना आठवतं,
मोल म्हणजे किती,
ते सांगायचं राहिलंच.