कर्कटकाचं टोक

चिंचवडचा माणूस. आला तो टेबलावर नकाशाच पसरला.
पंख्यानं उडू नये म्हणून कोपऱ्यावर
माझं स्टॅम्पपॅड ठेवलं, न विचारता,
आणि कर्कटकाचं टोक रोवलं
बरोबर आमच्या मच्छ्याच्या बसथांब्यापाशी.
एक गोल काढला. मग मोठा. मग त्याहून मोठा.
म्हणाला, पाटणेकर, सगळं कसं हाताशी आहे बघा!

होय की, म्हटलं, हाताशीच आहे.
वर कोल्हापूर एकशे दहा, खाली हुबळी शंभर,
घाट उतरला की गोव्याचा धक्का,
सांबऱ्याला विमान. लिहून घ्या.
पण हे किलोमीटर नकाशाचे,
आमच्या हुसेनसाब नदाफाचे वेगळे.
त्याला कोल्हापूर किती विचारा,
दोन टोल आणि एक चहा, म्हणतो.
चोर्ला किती विचारा,
तो आधी आभाळाकडं बघतो, मग टायरकडं,
मग म्हणतो, कणकुंबीत गेल्यावर कळंल.

डिझेल इकडंच भरायचं, तेही सांगितलं,
निपाणी संपायच्या आत.
वाचलेल्या पैशात ड्रायव्हरचं जेवण निघतं.
आणि गाडी बसली रात्री दोनला
तर ऑटोनगरात मलिकजान उठतो,
आधी शिवी देतो, मग पाना घेतो.
हे कुठल्या रकान्यात घालू, तो म्हणाला.
घाला की, 'इतर सुविधा'.

मग उद्यमबागेत भट्टी दाखवायला नेला.
शट्टुप्पा हुंदरे साचे फोडत होता.
काळी वाळू ढासळली, आत पंपाचं कवच,
अजून पोटात तांबूस.
हे कुठं जातं?
राजकोट.
आणि ते?
कोईमतूर.
आणि तुम्ही कुठवर गेलाय हो?
शट्टुप्पानं घमेलं खाली ठेवलं, विचार केला.
संकेश्वर, म्हणाला. बहीण दिलीय तिथं.

एक गोष्ट मात्र मी बोललो नाही.
वर्षातनं एखादा दिवस असा उगवतो
की कोगनोळीच्या अलीकडंच बस माणसं उतरवते,
आणि बोचकी डोक्यावर घेऊन, पोरं काखेत मारून
ती नाका चालत ओलांडतात,
पलीकडं दुसऱ्या रंगाची बस शोधत.
त्या दिवशी एकशे दहाचे किती होतात
ते कर्कटकाला येत नाही मोजायला.
त्या दिवशी मी गाड्या ढाब्यामागं लावायला सांगतो,
नंबरप्लेटी भिंतीकडं तोंड करून,
आणि फोन उचलत नाही.
सांगणार होतो. पण माणूस खुशीत होता,
आणि जागा ठरली असती तर
दोन टक्के माझेही होते.

नावाचंच घ्या. बिल्टीवर कोण बेळगाव लिहितं,
कोण बेळगावी, राजकोटहून येते तिच्यावर बेलगाम.
पिनकोड बरोबर असला की माल पोचतो.
भांडण झालंच तर ते मालाचं नसतं.

संध्याकाळी तो दारातच खुर्ची टाकून बसला.
गाडी भरत होती. मल्लेशी वर हौद्यात, जोतिबा खाली.
एक, दोन, मूरु, नाल्कु, पाच,
आरु, सात,
कोण कुठल्या भाषेत, दोघांनाही ठाऊक नसावं.
मोजणी चुकत नाही का हो, त्यानं हळूच विचारलं.
मी चलन बघितलं. एकशे अठ्ठेचाळीस नग.
नूरा नलवत्तेंटु! मल्लेशी वरून ओरडला,
आणि ताडपत्री ओढायला लागला.

शिक्का मारायचा म्हणून स्टॅम्पपॅड उचललं.
उघडंच राहिलं होतं, उपडं.
नकाशाच्या कोपऱ्यात, सगळ्या गोलांच्या बाहेर,
अरबी समुद्रात कुठंतरी
ओला जांभळा चौकोन उठला होता.
त्यानं बोट लावून बघितलं,
मग बोट पुसायला कागद मागितला.