दर्शनी बाजू

बेनितोचा फोन आला तेव्हा मी कुणाच्या तरी
वरच्या कवळीचं मेण खरवडत होते.
‘उद्या सकाळी माझ्या बकेटखाली येतंय ते,’ तो म्हणाला,
‘हवं तर आजच घेऊन जा.’

सड्यावर, जांभ्याच्या भेगेत, गुडघाभर अंजनी.
खोड मनगटाहून जाड.
पहारीनं दगड फोडला, मुळं नाही;
ओल्या गोणपाटात गुंडाळून
स्कूटरवर दोन पायांच्या मध्ये उभी करून आणली,
भर बाजाराच्या दिवशी, डिचोलीतून.
एक मासळीवाली ओरडली, ‘कितीक दिलें गे?’

तीन वर्षं काहीच केलं नाही.
जाड वाळू, जांभ्याचा चुरा, बुडाशी कोळसा.
पहिल्या वर्षी तिनं सगळी पानं टाकली.
मी रोज नखानं साल जराशी उकरायची:
हिरवं आहे. उद्या बघू.
इतक्या वेळा मी कुणा माणसाला
कसा आहेस विचारलेलं नाही.

आज तार.
फांदीवर आधी भिजवलेला सुंभ, मग ॲल्युमिनियम,
तिरकी, सारख्या अंतरानं.
धरायचं, चावायचं नाही,
दातांच्या तारेबद्दल माझे गुरुजी सांगत तसं.
पण अंजनीचं लाकूड कुणाचं ऐकत नाही.
कान जवळ नेऊन वाकवते.
मोडण्याच्या आधी आत एक बारीक कुरकुर होते,
तिथं थांबायचं,
चहा पिऊन यायचं.

डावीकडची फांदी कधीच मेलेली.
तिच्यावर ड्रिल फिरवलं, दातांचंच,
आधी गोल टोक, मग सुईचं.
रेषेच्या कडेकडेनं, जिथून ती स्वतःच फाटत गेली होती.
नकली दातांत मी वय घालते:
किंचित पिवळट रंग, कडेला एक चीर,
म्हणजे शेजारणीला कळू नये.
इथं वय आधीच घातलेलं होतं.
माझा हात उगाच
थोडं जास्त कोरून गेला.

दुपारी ठकू वरक आली, कवळी बसवून बघायला.
तोंड मिटलं, उघडलं. आरसा नको म्हणाली.
कुंडीकडंच बघत राहिली.
‘उलटं ठेवलंस,’ म्हणाली. ‘तोंड तिकडं हाय त्याचं.’

मागे वाकून तिनं खोडाभोवती बोट नेलं.
एक खाच होती तिथं, गुळगुळीत, अर्ध्या वेढ्याची.
खोट म्हणून मीच ती भिंतीकडं वळवलेली.
‘माझ्या बोकडाचं दावं.
दोन बोकड झाले, मग तिसरा. सगळे हितंच बांधले.
ह्या अंगानं खायचे, म्हणून ते त्या अंगाला गेलं.’

मला वाटलेलं, वाऱ्यानं.
वहीत तसं लिहूनही ठेवलंय:
वारा पश्चिमेचा, झुकाव पूर्वेला.

‘सड्यावर आता काय आहे?’
‘खाली हाय सडा,’ ती म्हणाली,
आणि हातानं एवढा मोठा खड्डा दाखवला
की कवळी घसरली.

जाता जाता नवे दात तपासायला तिनं
झाडाचंच नाव घेतलं. ‘ज’ला शीळ लागली.
‘अजून घासावं लागेल,’ मी म्हटलं.
‘ऱ्हाऊ दे. बोकडांना हाक मारायला बरी.’
बोकड कुठले, हे विचारायचं राहून गेलं.

तार उलगडायची नसते, साल सोलते.
कापायची, वेढ्यागणिक.
सकाळचं सगळं काम असं तुकड्यातुकड्यांनी
ट्रेमध्ये, कुणाच्या तरी खालच्या दाढांशेजारी.
कुंडी फिरवली.
खाच समोर आली, आणि फांद्या सगळ्या
तिच्यापासून लांब, पाठ करून,
पिढ्यान्‌पिढ्या चावल्यासारख्या.

माघात अंजनी थेट लाकडावर फुलते, निळी.
हिची तीन वर्षं कोरडी गेली.
बेनितो येता-जाता खिडकीतून विचारतो, जगलं ना?
सध्या मी नखच दाखवते त्याला,
खालची हिरवी रेघ अजून धुतलेली नाही.