भरड

कोपरखैरणे, माथाडींची बैठी घरं.
बैठी आता नुसती म्हणायला;
प्रत्येकीच्या डोक्यावर दोन मजले चढलेत.
तळाशी शेलारांची गिरणी, पट्टा तसाच फिरतो.
चार वर्षांनी मी डबा घेऊन गेले,
दोन मीटिंगांच्या फटीत,
कारण पीठ घरपोच आणणारा पोरगा
जत्रेला गावी गेला होता.

"कसं दळू?" शेलार म्हणाला.
सासूबाईंना बारीक लागतं, मी सांगितलं,
अद्वैतला चाळलेलं,
ह्यांना कोंड्यासकट, डॉक्टरांनी बजावलंय.
"ते झालं," रांगेतला डबा पायानं सरकवत तो म्हणाला,
"तुम्हाला कसं आवडतं?"

आणि वीज गेली.

शुक्रवार, दुरुस्तीचा वार.
पट्टा दोनदा सुस्कारून थांबला.
इतका वेळ आवाज होता,
हे तो थांबल्यावर कळलं.

फोन घरी, चार्जिंगला.
शेलारानं बसायला बाकडं दिलं,
पिठाच्या हातानं पुसून,
म्हणजे आणखी पांढरं करून.

बसले. डोक्यात यादी चालू झाली :
सिलिंडर, सासूबाईंचा चष्मा, शाळेची फी,
महापेच्या ऑफिसातले तीनशे बारा पगार.
कुणाची किती रजा उरलीय, मला तोंडपाठ.
माझी नाही.
मग यादी संपली.
यादी संपते, हे मला माहीतच नव्हतं.

सुपात किंवा जात्यात,
म्हण दोनच जागा सांगते.
रांगेतल्या डब्याबद्दल
कुणी काही म्हणून ठेवलेलं नाही.

आधी नुसतं रिकामं वाटलं.
मग वैजू आठवली.
श्रावणात तिचा फोन आला होता,
मीटिंगमध्ये आहे म्हणाले.
मीटिंग नव्हती.
तिच्या नव्या घराचं कौतुक ऐकायचं नव्हतं मला,
बस्, एवढंच.
हे मी माझ्याशी कबूल केलं
अकरा अनोळखी डब्यांसमोर.
एकाचंही झाकण हललं नाही.

शेलार आपणहून बोलायला लागला.
वडील दाणा बाजारात पोती वाहायचे.
पाठीवर ओझं असताना चकार शब्द नाही.
थप्पीवर पोतं टाकलं, की कंबर सरळ करून
स्वतःलाच हाक मारायचे :
"ज्ञानू, आहेस ना रे?"
लोक हसायचे.
"आम्हीपण हसायचो," तो म्हणाला,
आणि उगाच तराजूचं पारडं फुंकत राहिला.

पाऊण तासानं दिवे आले.
"भरड," मी म्हणाले, "माझ्यापुरती. अर्धा किलो, ज्वारी."
"थापताना भाकरी फुटेल, ताई."
"फुटू दे."
फुटलीच. कडेनं, तीन ठिकाणी.
उभ्यानं न खाता, बसून खाल्ली.

आता घरात पीठ मावत नाही.
"पोरकिडे होतील," सासूबाई म्हणतात,
"काय वेड लागलंय हिला दळणाचं!"
मी डबा उचलते.
वैजूला अजून फोन केलेला नाही.
दोनदा नंबर काढून पाहिला, इतकंच.

परवाच्या शुक्रवारी वीज गेलीच नाही.
दळण पाच मिनिटांत तयार, गरम, हाताला चटका देणारं.
मी निघाले नाही.
शेलारानं विचारलं नाही का ते.
पट्ट्याच्या त्या धडधडीत
मी ओठांतल्या ओठांत माझं नाव घेतलं,
माहेरचं, आखूड, कुणी न वापरलेलं.
ऐकू आलं नाही.
पुन्हा घेतलं.