सोमवारी काढतो

सावद्यात, केळीच्या वजनकाट्यावरच्या खोलीत
कूलरचं पाणी संपलंय, पंप कोरडाच घुमतोय.
रात्रीचे साडेअकरा. भिंत अजून दुपारसारखी.
इमेज चारशे बारा एमबी.
मी फाइल काढली.
इमेज चारशे बारा एमबी.
उलट चिमूटभर वाढलीच असेल,
काढल्याची नोंद कुठेतरी ठेवावी लागतेच.

मग थर सुटे केले, एकेक.
सगळ्यात वरच्यात एक फाइल होती,
शून्य बाइट,
मूळ नावाच्या आधी फक्त बिंदू, डब्ल्यू, एच, बिंदू.
एवढीच तिची नोकरी,
दारात उभं राहायचं
आणि येईल त्याला सांगायचं, ते इथे राहत नाहीत.
वरून बघणाऱ्याला पटतं.
खालचा थर वाचायचा असतो, त्यात लिहायचं नसतं,
तिथे खरी फाइल मांडी घालून बसलेली,
एक अक्षर न हललेलं.

बाहेरच्या भिंतीवर पूर्वी होतं
'फेगडे आणि भिरूड, संगणक व काटे'.
मोरेश्वर गेला त्या महिन्यात मी चुन्याचे दोन हात मारून घेतले,
पहिल्या दोन शब्दांवर फक्त.
पंगतीत शेजारचं पान उठावं
तसा 'भिरूड' उरला, एका कडेला.
एप्रिलात चुना पोपडे धरतो
आणि 'फे'ची मात्रा सगळ्यात आधी बाहेर येते.
हमाल अजून विचारतात, फेगडेभाऊ कुठे?
मी म्हणतो, नाहीत.
शून्य बाइट.

भांडण कशावरून, तर एका प्रिंटरवरून.
म्हणजे प्रिंटरवरून नव्हेच, पण तेव्हा तरी प्रिंटरवरून.
आणायचं आणि काढायचं एकाच ओळीत लिही,
हे मला त्यानंच शिकवलेलं.
ओळ संपली की थर बसतो.
मग कितीही काढ, वरून काढशील.
आम्ही ओळ संपू दिली.
त्यावर पुढची, त्यावर पुढची,
चार वर्षं झाली,
फैजपूरच्या स्टँडवर तो दिसला की मला
वेळापत्रक वाचायचं असतं.

तळापासून तिसरा थर उघडला.
किल्ली तशीच, बत्तीस अक्षरं,
आणि तिच्या डोक्यावर त्याची टीप:
तात्पुरतं. सोमवारी काढतो. मो.

ही इमेज कुणालाही उतरवून घेता येते,
थर सोडवायला एक आज्ञा पुरे.
म्हणजे किल्ली सगळ्यांना दिसू शकत होती,
दिसत नव्हती ती एकट्या मला,
ज्यानं वर खूण ठेवली त्याला.

थर ठोकून एक करता आले असते.
तळापासून नवीन बांधता आली असती.
पण गेलेल्या प्रती गेल्या.
आता किल्ली लपवून भागत नाही, कुलूपच बदलायचं,
आणि ती किती कुलपांना लागते
हे माझ्याकडे कुठल्याच थरात नाही.

त्याचा नंबर फोनमधून मी कधीच काढलेला.
तो सापडला अगदी तळाशी,
'देखभाल' या शब्दापुढे,
मोरेश्वर फेगडे, आणि दहा आकडे.

"कोन रे भो, एवढ्या राती?"
मी म्हणालो, तुझी फाइल सापडली.
बराच वेळ नुसता त्याचा कूलर ऐकू आला.
त्यात पाणी होतं.
"सोमवारी काढनार होतो ना," तो म्हणाला,
आणि मग, घसा साफ करून, "लिहून घे."

तीन ठिकाणं लिहून घेतली.
चौथं त्याला आठवेना.
म्हणाला, येऊन पाह्यतो सकाळी.
उद्या गुरुवार आहे.